नस, झटका, मुका मार

तो मुलगा कार्ड घेऊन आला तेव्हा चिडलेला होता. आईच्या डाव्या हातापायातली ताकद गेली होती आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं ‘राइट एमसीए इन्फार्क्ट’. “काका, डावी बाजू गेली अन् ह्यांनी उजवी लिहिली. उजव्याचाच इलाज केला असंल तर?” दोन दिवस हा प्रश्न त्याच्या पोटात होता. विचारायचं कुणाला? राऊंड सुरू झाला की नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढतात.

कार्डावर काही चुकलेलं नव्हतं. हालचालीचा हुकूम नेणारे तंतू मेंदूतून खाली उतरताना देठाशी बाजू बदलतात. उजव्या मेंदूचे डावीकडे जातात, डाव्याचे उजवीकडे. एमसीए म्हणजे मिडल सेरेब्रल आर्टरी, मेंदूच्या बाहेरच्या अंगाला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. दोन मिनिटांत सांगून झालं आणि पोराचा चेहरा निवळला.

गेवराईत मी औषधाचं दुकान चालवतो. मेंदूचा डॉक्टर नाही. पण वर्षानुवर्षं मेंदूच्या आणि नसांच्या आजाराची कार्डं, रिपोर्ट, फाइली या काउंटरवर उलगडल्या जातात, आणि त्यांतली भाषा वाचता वाचता मला तिच्यात दोन वेगळे प्रवाह दिसू लागले. एक भाषा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहितो. ती इंग्रजी आद्याक्षरांची आहे, घाईची आहे, आणि त्या घाईत तिचा उपयोगही आहे. दुसरी भाषा घरात बोलली जाते: नस, झटका, वारं, फिट, मुका मार. कागद एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेतात ते घरचे, म्हणजे पहिली भाषा ज्यांना येत नाही ते. आणि आजार पहिल्यांदा कळतो तो दुसऱ्या भाषेत, जी डॉक्टर पुष्कळदा कानाआड करतात. गेवराईसारख्या गावात या दोन भाषांमधल्या अंतराची किंमत तासांत मोजावी लागते. राष्ट्रीय महामार्ग 52 वर आपलं गाव. दक्षिणेला बीडचं जिल्हा रुग्णालय 35 किलोमीटरच्या आसपास, त्याच्याही पुढे अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय. उत्तरेला शहागडला गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, शंभर किलोमीटरच्या थोडं आत. गाडी कुठल्या दिशेला वळवायची हे ज्या पाच मिनिटांत ठरतं, त्या पाच मिनिटांत घरात कुठला शब्द उच्चारला गेला यावर फार काही अवलंबून असतं.

सगळ्यात जास्त कार्डांवर सापडणारं संक्षिप्त रूप म्हणजे सीव्हीए. सेरेब्रोव्हॅस्क्युलर अ‍ॅक्सिडेंट. यातल्या अ‍ॅक्सिडेंट या शब्दाचा रस्त्याशी काही संबंध नाही. अचानक ओढवलेलं, एवढाच त्याचा जुना अर्थ. एका बाईंनी नवऱ्याच्या कार्डावरचा हा शब्द मुलाकडून वाचून घेतला आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेचा अर्ज भरायची तयारी केली. तिला अडवताना मला फार जड गेलं. मेंदूचे डॉक्टर आता हा शब्द टाळतात आणि सरळ स्ट्रोक म्हणतात, तरी कार्डावर तो अजून टिकून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली, तेव्हा स्ट्रोकला रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून उचलून मज्जासंस्थेच्या प्रकरणात नेलं गेलं. कागदावरचा बदल, पण महत्त्वाचा: हा आजार मेंदूचा आहे, हे त्यात अधिकृतपणे मान्य झालं.

घरातले शब्द त्याहून कितीतरी जुने आहेत. ‘अंगावरून वारं गेलं’ असं अजूनही म्हणतात. ते वारं म्हणजे आयुर्वेदातला वात. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात पक्षाघात आहे, तोंड वाकडं होणारा अर्दित आहे, मांडीपासून पोटरीपर्यंत कळ नेणारी गृध्रसी आहे. अर्धांगवायू हा त्याच घरातला शब्द. मराठवाड्यात त्याच्या शेजारी आणखी एक परंपरा नांदते. बीड 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि युनानी हकिमांची भाषा इथल्या बोलीत मुरली. लकवा हा अरबीतून आलेला शब्द. मुळात त्याचा अर्थ फक्त चेहऱ्याचा पक्षाघात. अर्ध्या अंगाच्या पक्षाघाताला फालिज हा वेगळा शब्द होता, तो जुन्या उर्दू बोलणाऱ्या घरांत अजून कानावर पडतो. हकिमांनी केलेला हा फरक फार मोलाचा होता आणि आपण तो हरवून बसलो. आता सगळ्यालाच लकवा म्हणतात. नुसता चेहरा वाकडा झाला, कपाळाला आठ्या पडत नाहीत, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, पण हातपाय ठणठणीत, अशी पुष्कळ प्रकरणं बेल्स पाल्सीची असतात. चेहऱ्याच्या एका तंतूला सूज आलेली असते आणि बहुतेक जण बरे होतात. चेहऱ्याचा फक्त खालचा भाग ओघळला आणि सोबत हात उचलेना, तर तो स्ट्रोक समजून धावायचं. दोन्हींना लकवाच म्हटलं की दोन्ही माणसं एकाच झाडपाल्याच्या औषधवाल्याकडे जातात. पहिल्याचं बऱ्याचदा आपोआप निभावतं आणि त्या औषधवाल्याची ख्याती होते. दुसऱ्याचे तास जातात.

तासांचा हिशेब असा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन स्ट्रोक सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. 1995 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ही मर्यादा तीन तासांची होती, 2008 च्या युरोपीय अभ्यासाने ती साडेचारवर नेली. मोठी वाहिनी तुंबली असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढता येते. निवडक रुग्णांत हे 24 तासांपर्यंतही जमतं, पण ती सोय मोठ्या शहरात. दरम्यान मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात असा हिशेब 2006 साली मांडला गेला आहे. कार्डावर टीआयए लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ लक्षणं आली आणि थोड्या वेळात पूर्ण गेली. घरचे म्हणतात, “आलं होतं, उतरलं.” वारं उतरलं म्हणून निर्धास्त झालेलं ते घर पुढच्या दोनचार दिवसांत पुन्हा धावपळ करतं, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. टीआयए ही मोठ्या झटक्याची आगाऊ वर्दी असते आणि त्याच दिवशी तपासायची असते.

झटका हा शब्दही असाच. हृदयविकाराला झटका, स्ट्रोकला मेंदूचा झटका, फिट आली तरी झटके. 108 ला फोन लावून “झटका आलाय” एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला तीन वेगळे आजार ऐकू येतात. त्यापेक्षा जे डोळ्याला दिसतंय ते सांगावं: तोंड एका बाजूला गेलंय, उजवा हात वर राहत नाही, बोलणं लागत नाही, अमुक वाजल्यापासून.

आणि नस. या एका शब्दावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या बोलीत नस म्हणजे रक्तवाहिनीही आणि नस म्हणजे मज्जातंतूही. ‘मेंदूतली नस फुटली’ यात धमनी आहे, ‘कमरेतली नस दबली’ यात मज्जातंतू आहे, ‘नसेतून सलाईन’ यात शीर आहे. कंबरदुखीच्या एका आजोबांना डॉक्टरांनी एमआरआय दाखवून सांगितलं, नस दबलीय. आजोबांनी वर्षापूर्वी भावाच्या बाबतीत ‘नस फुटली’ ऐकलेलं. त्यांच्या मनात गणित झालं: आज दबली, उद्या फुटणार. त्यांनी वाकणं, चालणं, शेतात जाणं सगळं सोडून दिलं, जे त्या आजारात करायला नको होतं. प्रोलॅप्स्ड डिस्क, म्हणजे मणक्यांमधली चकती सरकून तंतूच्या मुळावर टेकलेली, एवढंच होतं ते. एल4-एल5 हे कार्डावरचे आकडे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली जागा सांगतात. तंतू फुटत नसतो.

हा गोंधळ अडाणीपणाचा नाही. ग्रीक भाषेत ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ स्नायुबंध, धनुष्याची दोरीसुद्धा. प्राचीन माणसाने शरीर उघडलं तेव्हा त्याला पांढरे दोरे दिसले. कुठला दोरा हालचाल ओढतो आणि कुठला संदेश नेतो हे कळायला शतकं लागली. भाषांनी नंतर आपापल्या वाटण्या केल्या. मराठीत स्नायू म्हणजे हालचाल करणारा मांसल भाग. बंगालीत आणि पुष्कळशा हिंदी लिखाणात स्नायू म्हणजे संदेश नेणारा तंतू. आपल्याकडे पेशी म्हणजे जिवाचा सूक्ष्म घटक, हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. हिंदी बोलणारा निवासी डॉक्टर ‘स्नायु की कमजोरी’ म्हणतो तेव्हा तो नेमकं काय म्हणतोय हे विचारून घ्यायला हवं.

बरं, शास्त्रीय मराठी तरी एक आहे का? शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था आणि चेतापेशी. मराठी विश्वकोशात तंत्रिका तंत्र. डॉक्टरांच्या आणि वर्तमानपत्रांच्या मराठीत मज्जासंस्था, मज्जातंतू. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचं प्रचंड काम केलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण कोशातला शब्द कोशातच राहिला, कारण तो वापरायची वेळ असते तेव्हा वापरणारा घाईत असतो. मला विचाराल तर नवे संस्कृत शब्द घडवण्यापेक्षा असलेल्या बोलीतल्या शब्दाला शेपूट जोडणं जास्त उपयोगाचं आहे. ‘रक्ताची नस’ आणि ‘संवेदनेची नस’. एवढं म्हटलं की आजोबा घाबरत नाहीत.

मुका मार हा आपला आणखी एक शब्द, आणि डोक्याच्या बाबतीत तो घातक आहे. मुका मार म्हणजे रक्त आलं नाही, कातडी फाटली नाही, हळद लावून झोपवलं की झालं. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट बेळगाव-निपाणीकडे जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडणं, बैलगाडीचा धक्का, महामार्गावर दुचाकी. पडलेला माणूस उठून बसतो, बोलतो, चहा पितो, आणि दोनतीन तासांनी त्याला उठवावं तर उठत नाही. याला ईडीएच म्हणतात: कवटी आणि मेंदूचं बाहेरचं जाड आवरण यांच्यामध्ये साचलेलं रक्त. मधला तो शहाणपणाचा काळ पुस्तकात ल्युसिड इंटर्व्हल म्हणून प्रसिद्ध आहे. एसडीएच हा त्याचा भाऊ, त्या आवरणाच्या आतल्या बाजूला. म्हाताऱ्या माणसात तो आठवड्यांनी दिसतो. आजी न्हाणीत घसरली ते सगळे विसरलेले असतात. मग ती विसरभोळी होते, पाय ओढते, घरचे म्हणतात वय झालं. कवटीला एकदोन भोकं पाडून साचलेलं रक्त काढलं की तीच आजी पुन्हा नातवाला नावाने हाक मारते. मेंदूच्या शस्त्रक्रियेत इतका झटपट मोबदला देणारं दुसरं फार थोडं असेल. 3 जून 2014 ला दिल्लीत बीडचे नेते गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला अपघात झाला तेव्हाही बाहेरून फारशी जखम दिसली नव्हती. मान आणि यकृत यांना झालेली इजा शवविच्छेदनात पुढे आली. बीड जिल्ह्याला मुका मार काय करू शकतो हे वेगळं सांगायची गरज नसावी. तरी सांगावं लागतं.

अशा रुग्णाच्या कागदावर जीसीएस असतो. ग्लासगो कोमा स्केल. 1974 साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन मेंदूशल्यचिकित्सकांनी ती मोजपट्टी मांडली. डोळे उघडण्याला 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. ई, व्ही, एम. सगळे मिळून 15 म्हणजे पूर्ण शुद्धीवर, आणि सगळ्यात कमी 3, शून्य कधीच नाही. 8 किंवा कमी असेल तर मार गंभीर, श्वासाची नळी लागण्याची शक्यता मोठी. व्ही च्या पुढे टी लिहिलेलं असेल तर नळी घातल्यामुळे बोलणं तपासता आलं नाही, इतकंच. ही पट्टी येण्याआधी डॉक्टर ‘अर्धवट शुद्धीत’, ‘ग्लानीत’ असं लिहीत आणि दुसऱ्या डॉक्टरला त्यातून काही बोध होत नसे. गेवराईहून निघताना 13 आणि घाटीत पोचताना 9, हे दोन आकडे शेजारी आले की पुढच्याला लगेच कळतं की माणूस घसरतोय. संक्षेपाची भाषा कुठे खरोखर जीव वाचवते याचं हे माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण. म्हणून गाडीत बसताना पहिल्या दवाखान्याने लिहिलेला आकडा आणि वेळ मागून घ्यावी.

त्यातल्या व्ही बद्दल मात्र एक सांगायचं आहे. बोलणं तपासताना विचारतात: नाव काय, कुठे आहात, तारीख काय. आमच्या भागातल्या साठीच्या बाईला इंग्रजी तारीख निरोगी असतानाही सांगता येत नाही. ती सांगेल, पोळा होऊन चार दिवस झाले. ते उत्तर बरोबर आहे. पण प्रश्न हिंदीत आला आणि उत्तर बीडच्या बोलीत गेलं तर एक गुण जातो. स्मृतिभ्रंशाच्या चाचणीत हीच अडचण आधीच ओळखली गेली होती. 1975 ची अमेरिकी चाचणी इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलट सांगायला लावते. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी 1995 मध्ये तिचं हिंदी रूप तयार झालं, त्यात आठवड्याचे वार उलटे सांगायचे असतात. नातेवाइकांनी इथे पुढे व्हावं. “मी विचारू का आमच्या भाषेत?” असं म्हटलं तर बहुतेक डॉक्टरांना बरंच वाटतं.

जीसीएस 3 म्हणजे सगळं संपलं, असंही धरू नये. निदान शेतावर झोपणाऱ्यांच्या मुलखात तरी नाही. मण्यार रात्री चावते, वेदना जवळजवळ नसते, दाताची खूण सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. कागदावर लिहितात बायलॅटरल प्टोसिस, दोन्ही पापण्या ओघळलेल्या. पुढे डोळा हलत नाही, हात हलत नाही, श्वास बंद. मोजपट्टी 3 दाखवते, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत, आणि तरीही आतला माणूस जागा असू शकतो, कारण विष मेंदूला बंद करत नाही, तंतू आणि स्नायू यांच्या जोडावर बसतं. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढले की असे रुग्ण चालत घरी जातात. एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष. फवारणीच्या औषधाच्या विषबाधेला कार्डावर ओपी लिहितात, ऑर्गॅनोफॉस्फरस. त्यातही दोनतीन दिवसांनी रुग्णाला मान उचलता येईनाशी होते आणि श्वास कमी पडतो. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून कागदावर सही करून घरी नेण्याचा मोह त्याच दिवसांत होतो. ती सही ज्या नोंदीखाली होते तिला लामा म्हणतात: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेलं.

कोमा, ब्रेनडेड आणि पीव्हीएस हे तीन शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. कोमात डोळे मिटलेले असतात. पीव्हीएस, पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट, हे नाव 1972 मध्ये त्याच ब्रायन जेनेटने फ्रेड प्लमबरोबर दिलं: डोळे उघडतात, झोपजागेचं चक्र चालतं, पण भान असल्याची खूण मिळत नाही. महाराष्ट्राने हा शब्द अरुणा शानबाग यांच्यामुळे शिकला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला आणि त्या 18 मे 2015 पर्यंत, बेचाळीस वर्षांच्या आसपास, त्याच रुग्णालयात सहकारी परिचारिकांच्या हातून जपल्या गेल्या. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांच्या तपासणीच्या आधारे त्या ब्रेनडेड नाहीत हे स्पष्ट केलं आणि त्यांचं पोषण थांबवण्याची मागणी नाकारली. एका वैद्यकीय शब्दाच्या व्याख्येवर एक आयुष्य उभं होतं. व्हेजिटेटिव्ह या शब्दातून माणसाची भाजी होते हे मला नेहमी खुपत आलं; 2010 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी त्याऐवजी ‘प्रतिसाद नसलेली जागृतावस्था’ अशा अर्थाचं नाव सुचवलं, ते अजून रुळायचं आहे. ब्रेनडेड मात्र कायद्यानेच मृत्यू. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. अवयवदानाचा प्रश्न तिथेच येतो, कोमात नव्हे.

फिटबद्दल आमच्याकडे उच्चारच घोटाळा करतो. कार्डावरचा सीझर, म्हणजे आकडी, आणि बाळंतपणातलं सिझर कानाला एकच. एका सासऱ्यांना फोन आला, सुनेला सीझर आलं. ते पेढे घेऊन दवाखान्यात पोचले. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढून आकडी आली होती, एक्लॅम्प्सिया. त्या अवस्थेत मॅग्नेशियम सल्फेट देतात, आणि त्याच औषधाचं रासायनिक संक्षिप्त रूप मॉर्फिन सल्फेटशी मिळतंजुळतं असल्याने अमेरिकेत 2004 पासून दोन्ही संक्षिप्त रूपं लिहिण्यावर बंदी आहे, पूर्ण नाव लिहायचं. भारतातही 2016 च्या नियमाने औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं. काउंटरच्या या बाजूने मी तो नियम पाळला जाण्याची रोज वाट पाहतो.

तरुण मुलाला पहिली फिट आली की सीटीत पुष्कळदा एक बारीक गाठ निघते. रिपोर्टात एसओएल किंवा रिंग एन्हान्सिंग लिजन. गाठ म्हटलं की घरात कॅन्सर येऊन बसतो. एसओएल म्हणजे जागा व्यापणारं काहीतरी, बस; आपल्या देशात ते फार वेळा टीबीची गाठ किंवा एनसीसी, म्हणजे फीतकृमीची अळी असते. “आमच्या माळकरी घरात डुकराचं नाव नाही, किडा कुठून?” हा प्रश्न ठरलेला. अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, तिथून कोथिंबीर-मुळ्यावर, न धुतलेल्या हातावर. शाकाहार त्यापासून वाचवत नाही. जीटीसीएस म्हणजे सगळं अंग ताठून मग झटके देणारी फिट. ती पाच मिनिटांवर गेली तर गाडी काढायची. कुशीवर वळवावं, तोंडात चमचा घालू नये, चप्पल हुंगवू नये. आणि शब्दाचं पाहाल तर मिरगी हा आजार राहत नाही, मुलीच्या नावाला चिकटलेलं विशेषण होतं. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार, म्हणजे मिरगी, हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकलं, पंचवीस वर्षं उलटली, तरी स्थळं अजून मोडतात. दक्षिण कोरियात जुन्या नावाला वेडाचा वास होता म्हणून आजाराचं नावच बदललं. आपल्याकडे फिट हा साधा शब्द आहे, तो निर्मळ राहिला तर नाव बदलायची वेळ येणार नाही.

जीबीएस जानेवारी 2025 मध्ये रातोरात मराठी झालं. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले, दूषित पाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचा संबंध पुढे आला, आणि गेवराईतही लोक मुंग्या आल्या की जीबीएसची तपासणी विचारू लागले. 1916 मध्ये गुलेन, बारे आणि स्ट्रोल या तिघा फ्रेंचांनी दोन सैनिकांत वर्णिलेला हा आजार; स्ट्रोलचं नाव मागे पडलं. पायापासून वर चढणारी कमजोरी, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तंतूंवर उलटलेली. एएफपी हे त्याच्या शेजारचं संक्षिप्त रूप प्रत्येक आशाताईला पाठ आहे: 15 वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की कळवायचं, शौचाचे दोन नमुने पाठवायचे. या तीन अक्षरांनी पोलिओवर पाळत ठेवली आणि 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

उरलेल्या खुणांपैकी दोन लक्षात ठेवाव्यात. पॉवर 3/5 म्हणजे पाचपैकी तीन गुण नव्हेत. हात स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला जातो, पण कुणी दाबला तर टिकत नाही, असा त्याचा अर्थ. आणि प्लँटरपुढे वर जाणारा बाण दिसला तर ती सुधारणा समजू नये. तळपाय खरवडल्यावर अंगठा वर जाणं ही 1896 मध्ये बाबिन्स्कीने ओळखलेली खूण; तान्ह्या बाळात ती साहजिक, मोठ्या माणसात मेंदू किंवा मेरुरज्जूच्या वाटेवर बिघाड. शिवाय, क्रेनिएक्टॉमी लिहिलं असेल तर कवटीचा तुकडा बाहेर काढून ठेवला आहे. तो पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात आणि नंतर परत बसवतात. हे आधी सांगितलं नाही तर आंघोळ घालणारी बायको पोटावरचे टाके पाहून हादरते.

चिडलेला तो मुलगा परवा पुन्हा आला होता, आईच्या गोळ्यांसाठी. आई आता भिंतीला धरून चालते. त्याने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला: घरच्या दिनदर्शिकेचं पान, त्यावर पेनने ‘6.20 ला दूध काढून आली, चांगली होती. 7 ला पडलेली दिसली.’ दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारला होता, शेवटचं ठीक कधी पाहिलं. तेव्हा त्याला सांगता आलं नव्हतं, घरी आल्यावर सगळ्यांना विचारून त्याने लिहून ठेवलं. शेजारच्या दोन घरांतही त्याने दिनदर्शिकेला पेन बांधून दिलं आहे.